मराठी बोलपटांतील प्रेम आणि घर

आपल्या भाषेंतील बोलपटांविषयीं बोलणें निघालें कीं एक तक्रार हमखास ऐकूं येते. ती अशी कीं, मराठी चित्रपटाला प्रेम करतां येत नाहीं. त्याला संत रंगवितां येतात, शिवकाल उभा करतां येतो, विनोद तर त्याच्या हातचा मळच आहे. पण नायक आणि नायिका समोरासमोर आलीं कीं त्याची जीभ अडखळते, आणि मग दोघांना एखाद्या झाडाभोंवतीं फिरवून तो कशीबशी आपली सुटका करून घेतो. हिंदी चित्रसृष्टीनें प्रणयाचे जसे संप्रदाय निर्माण केले तसे आपल्याकडे झाले नाहींत, हें खरेंच आहे. परंतु तेवढ्यावरून या विषयांत मराठी चित्रपटाला कांहीं सांगावयाचेंच नव्हतें असें अनुमान काढणें मला उतावळेपणाचें वाटतें. त्यानें प्रेमाचा प्रश्न बागेंत सोडविला नाहीं. तो त्यानें घरांत नेला. दोघांचें एकमेकांवर मन बसलें कीं नाहीं, यापेक्षां तें मन कोणत्या घरांत नांदणार आणि त्या घरांत ‘नको’ म्हणण्याचा अधिकार कोणाला, हें त्यानें पुनःपुन्हां विचारलें. हा अधिकार बाईला मिळतो कीं नाहीं, या एका धाग्याला धरून मराठी बोलपटाचा इतिहास वाचला तर तो वाटतो तितका बुजरा ठरत नाहीं. आणि ठाणें जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यांत, माळशेज घाटाच्या वाटेवरील टोकावड्यासारख्या गांवांतून त्याच्याकडे पाहिलें तर त्याची एक बाजू अधिकच उजेडांत येते. तिच्याकडे आपण ओघानें येऊंच.

मूकपटांच्या काळाविषयीं फार लिहिण्याचें कारण नाहीं. दादासाहेब फाळक्यांनीं १९१३ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ काढला तेव्हां तारामतीचें काम साळुंके नांवाच्या पुरुषानें केलें. पुढें १९१७ च्या ‘लंकादहन’ या चित्रांत तर याच साळुंक्यांनीं राम आणि सीता या दोन्ही भूमिका वठविल्या! एकाच नटाच्या देहांत पति आणि पत्नी दोघेंहि राहूं लागल्यावर त्यांच्या परस्परसंबंधांविषयीं टीकाकारानें बोलावें तरी काय? मध्यंतरीं ‘मोहिनी भस्मासुर’ या चित्रांत दुर्गाबाई कामत आणि त्यांच्या कन्या कमलाबाई यांनीं कामें करून नवा पायंडा पाडला होता. परंतु तो सर्वमान्य होण्यास बराच काळ जावा लागला.

१९३२ सालीं प्रभात कंपनीच्या ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटानें मराठी पडद्याला वाचा फुटली. गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र आणि प्रतिष्ठित घराण्यांतील सुशिक्षित दुर्गाबाई खोटे तारामती. म्हणजे मराठी बोलपटांतील पहिलें जोडपें कोणतें, तर दिलेल्या शब्दापायीं बायकोला भर बाजारांत विकणारा राजा आणि हूं कीं चूं न करतां विकली जाणारी राणी. पुराणकथा म्हणून ती थोर आहे, तिच्या थोरवीविषयीं येथें वाद नाहीं. पण आपला बोलपट ज्या पायरीवरून निघाला ती पायरी ध्यानांत ठेवावी, एवढेंच म्हणणें.

त्यानंतर अवघ्या चार वर्षांनीं त्याच कंपनीनें ‘संत तुकाराम’ दिला. दामले आणि फत्तेलाल यांच्या या चित्राला १९३७ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत मान मिळाला. त्याची भक्ति, त्याचें साधेपण, विष्णुपंत पागनीसांची तल्लीन मुद्रा यांवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. मला मात्र तो नेहमीं जिजाईचा चित्रपट वाटत आला आहे. गौरी या नटीनें उभी केलेली ही बाई नवऱ्यावर करवादते, त्याच्या देवाला शिव्या घालते, मूल आजारी पडल्यावर वहाण हातीं घेऊन खुद्द पांडुरंगाला जाब विचारण्यास देवळांत शिरते. आणि हाच नवरा रानांत जाऊन बसला कीं भाकरी बांधून डोंगर चढून त्याला शोधीत जाते, समोर बसवून जेवूं घालते. त्या डोंगरावरच्या प्रसंगांत एकहि शब्द प्रेमाचा नाहीं. उलट बरेचसे शब्द तक्रारीचेच आहेत. तरीहि एवढें सच्चें दांपत्यप्रेम मराठी पडद्यावर पुन्हां फार थोड्या वेळां दिसलें असेल. आपल्या आज्या-पणज्या ज्या भाषेंत प्रेम करीत आल्या ती भाषा येथें प्रथम ऐकूं आली. नवऱ्याला वैकुंठाचें बोलावणें येतें तेव्हां हिला पोरें, म्हैस आणि चूल सोडवत नाहीं. तारामती मुकाट्यानें विकली गेली होती. जिजाई निदान बोलते, आणि भरपूर बोलते.

पण बोलणें वेगळें आणि नाकारणें वेगळें. नाकारणारी बाई आली ती १९३७ सालीं, शांतारामांच्या ‘कुंकू’ या बोलपटांत. नारायण हरि आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर तो आधारलेला होता. नीरा नांवाच्या पोरक्या मुलीचें लग्न तिचा मामा फसवून एका वयस्क, बिजवर वकिलाशीं लावून देतो. जरठ-कुमारी विवाहाचा हा विषय मराठी प्रेक्षकाला नवा नव्हता. देवलांच्या ‘शारदे’नें १८९९ पासून रंगभूमीवर तो गाजविला होता. परंतु शारदेची सुटका नाटककार करतो, लग्न लागण्यापूर्वींच. नीरेचें लग्न लागून चुकलेलें आहे. आतां सुटका करावयाची तर ती तिची तिलाच केली पाहिजे. तिचें शस्त्र एकच. ती या माणसाला नवरा मानण्याचें साफ नाकारते. त्या घरांत राहते, वावरते, पण शेजघराचा उंबरठा ओलांडीत नाहीं. शांता आपटे यांच्या नजरेंत त्या वेळीं जो विस्तव होता तो आजहि थंड झालेला नाहीं.

या नकाराचें मोल कळण्यासाठीं थोडें कायद्याच्या पुस्तकांत डोकावलें पाहिजे. १९२९ च्या शारदा कायद्यानें मुलीच्या लग्नाचें किमान वय चौदा ठरविलें होतें; पण वधू-वरांच्या वयांतील अंतराविषयीं तो कायदा बोलत नव्हता, त्यामुळें नीरेच्या लग्नांत त्याच्या दृष्टीनें वावगें असें कांहींच नव्हतें. घटस्फोट मागावा, तर हिंदु कायद्यांत त्याची सोयच नव्हती. ती मुंबई इलाख्यांत १९४७ च्या कायद्यानें आणि सबंध देशांत १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यानें झाली. नवऱ्याकडे न नांदणाऱ्या बाईचें काय होतें हें मुंबईनें नीरेच्या आधीं पन्नास वर्षें प्रत्यक्ष पाहिलें होतें. लहानपणीं झालेलें लग्न मान्य नसलेल्या रखमाबाईंनीं पतीच्या घरीं जाण्याचें नाकारलें. १८८५ सालीं निकाल त्यांच्या बाजूनें लागला; पण १८८७ सालीं न्यायालयानें उलट हुकूम दिला कीं, नवऱ्याकडे नांदावयास जा, नाहीं तर सहा महिने तुरुंगांत जा. रखमाबाई तुरुंग पत्करण्यास तयार झाल्या. पुढें १८८८ सालीं तडजोड होऊन प्रकरण मिटलें, आणि त्या विलायतेस जाऊन डॉक्टर होऊन परत आल्या. नीरेचा हट्ट हा असा पडद्याबाहेर घडून गेलेल्या इतिहासाचा वारस होता. तो कोणा पटकथाकाराच्या लहरींतून निघालेला नव्हता.

‘कुंकू’ चित्राची दुसरी थोरवी अशी कीं, त्यानें म्हाताऱ्याचा राक्षस केला नाहीं. केशवराव दात्यांचे काकासाहेब आधीं आपल्या हक्काच्या गुर्मींत असतात, मग तरुण दिसण्याची केविलवाणी धडपड करतात, आणि अखेरीस आरशांत स्वतःला पाहून शरमतात. भिंतीवरचें जुनाट घड्याळ आणि हा आरसा, या दोन निर्जीव वस्तूंकडून शांतारामांनीं जें वदविलें आहे तें दहा पानांच्या संवादांनीं साधलें नसतें. काकासाहेबांना अखेर नीरेंत मुलगी दिसूं लागते. तिनें पुन्हां लग्न करावें असें लिहून ठेवून ते जीव देतात. टीकाकारांना हा शेवट सोयीस्कर वाटला, आणि त्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. पण त्या काळच्या कायद्यांत नीरेला मोकळें करणारी दुसरी वाट कोणती होती? नवऱ्याच्या मरणावांचून बाईची सुटका नाहीं, ही शोकांतिका चित्रपटकारानें बाहेरून आणलेली नव्हती.

‘प्रभात’नें दोन वर्षांनीं ‘माणूस’ काढला. त्यांत गणपत नांवाचा साधा पोलीस शिपाई आणि मैना नांवाची वारांगना यांचें प्रेम आहे; शाहू मोडक आणि शांता हुबळीकर यांनीं तीं कामें अविस्मरणीय केलीं. येथेंहि प्रश्न बागेंतला नाहीं. बाग येते, पण ती थट्टेसाठीं: हीं दोघें हिंडत असतां एका सिनेमाचें चित्रण चाललेलें त्यांना दिसतें आणि पडद्यावरील प्रेमिकांच्या गोड गोड गाण्याची तीं यथेच्छ नक्कल करतात. मराठी चित्रपटाला प्रेम करतां येत नाहीं म्हणणाऱ्यांनीं हा प्रसंग अवश्य पहावा. खोट्या प्रेमाला हंसण्याइतकें खरें प्रेम त्याला ठाऊक होतें. गणपत मैनेला आपल्या आईच्या पायांशीं नेतो. आई भाबडी, देवभोळी. ती या मुलीला सून म्हणून पोटाशीं धरावयास निघते, आणि नेमकी तीच माया मैनेला सोसवत नाहीं. घर नाकारीत नसतें तेव्हांहि बाईच्या मनांतला धाक तिला उंबरठ्यावरून मागें फिरवितो.

याच सुमारास मास्टर विनायक आणि आचार्य अत्रे यांचा ‘ब्रह्मचारी’ आला होता. १९३८ सालीं मीनाक्षी शिरोडकरांनीं पोहण्याच्या पोशाखांत जलक्रीडा केली आणि त्यावरून उठलेलें वादळ अजून आठवणींच्या लेखांतून घोंघावत असतें. त्या पोशाखाच्या गवगव्यांत एक गोष्ट झांकली गेली. या चित्रांत मुलगी पुढाकार घेते. औदुंबराचें ब्रह्मचर्य म्हणजे बाईला भिणाऱ्या पुरुषाचा कोट आहे, आणि ती तो हंसतहंसत पाडते. मराठी पडद्यावर प्रेमाचा पहिला मोकळा श्वास विनोदाच्या आडोशानें आला, हें आपल्या स्वभावाला धरूनच झालें.

स्वातंत्र्यानंतरच्या वीसपंचवीस वर्षांवरून मी लौकर पुढें जाणार आहे. त्या काळांत चांगले चित्रपट निघाले नाहींत म्हणून नव्हे, तर या प्रश्नांत ते फारसे पुढें सरकले नाहींत म्हणून. १९४७ च्या ‘लोकशाहीर रामजोशी’ या चित्रापासून एक सोयीची वांटणी झाली: संसार वाड्यांत, आणि प्रणय फडावर. ‘सांगत्ये ऐका’ हा १९५९ चा चित्रपट पुण्यांत शंभराहून अधिक आठवडे चालला, आणि मग तमाशापटांची रांगच लागली. १९७२ च्या ‘पिंजरा’ या चित्रांत शांतारामांनीं त्याच वांटणीचा कळस केला. शिक्षक फडावर गेला कीं संपला! डॉ. लागूंचा अभिनय विलक्षण खरा, पण पस्तीस वर्षांपूर्वीं नीरेच्या बाजूनें उभा राहिलेला दिग्दर्शक येथें गुरुजींच्या अब्रूच्या बाजूनें उभा आहे, ही जाणीव कांहीं केल्या पुसली जात नाहीं. या सर्व गर्दींत एक छोटा चित्रपट मला फार मोलाचा वाटतो, तो राजा ठाकुरांचा ‘मुंबईचा जावई’ (१९७०). लग्न झालें आहे, मनें जुळलीं आहेत, घरचीं माणसें प्रेमळ आहेत. नाहीं ती फक्त जागा. मुंबईच्या चाळींतल्या गजबजलेल्या बिऱ्हाडांत नवपरिणीत जोडप्याला घटकाभर एकांत मिळूं नये, हा विषय हंसण्याचा आहे आणि रडण्याचाहि आहे. पुढें तो हिंदींत ‘पिया का घर’ म्हणून गेला.

१९७२ सालीं मुंबईचें दूरदर्शन केंद्र सुरू झालें आणि मराठी चित्रपट माजघरांत शिरला. आजी-आजोबा, सून, जांवई, शेजारची मंडळी असा सारा गोतावळा एका पेटीपुढें बसूं लागला. अशा वेळीं पडद्यावर कोणी कोणाचा हात हातांत घेतला कीं घरांतील कोणाला तरी हटकून पाणी प्यावयाचें आठवावयाचें! आपल्या चित्रपटांचा संकोच पुष्कळदां या प्रेक्षकवर्गाचा संकोच होता, हेंहि न्यायबुद्धीनें मान्य केलें पाहिजे.

आतां टोकावड्याकडे वळतों. कल्याणहून मुरबाड, सरळगांव, टोकावडे, वैशाखरे असा रस्ता माळशेज घाटाला लागतो. डाव्या-उजव्या अंगाला डोंगर, आणि त्यांच्या पायथ्याशीं ठाकर, कातकरी, महादेव कोळी यांच्या वाड्या. वैशाखऱ्याच्या पुढें नाणेघाटाची जुनी वाट वर चढते. तेथील लेण्यांत सातवाहन राणी नागनिकेचा प्रसिद्ध शिलालेख आहे. त्याच सातवाहनांपैकीं हालाच्या नांवावर असलेल्या महाराष्ट्री प्राकृतांतील सातशें गाथांमध्यें शेतांतल्या, नदीकांठच्या, डोंगरांतल्या बायका आपल्या प्रेमाविषयीं किती निःसंकोच बोलतात हें अभ्यासकांना ठाऊकच आहे. या मुलखाला प्रेमाची भाषा येत नव्हती असें नाहीं. मधल्या शतकांत ती आपण, म्हणजे पांढरपेशा समाजानें, विसरलों.

सर्वांनींच ती विसरली नव्हती. ठाकरांसारख्या डोंगरी जमातींत नवरा पटला नाहीं तर बाईनें त्याला सोडावें, पंचांपुढें देज परत करून मोकळें व्हावें, दुसरें घर करावें, ही रीत चालत आली होती. काडीमोड हा शब्द आपल्या भाषेंत आहे, तो कोशकारांनीं मुंबईच्या न्यायालयांतून आणलेला नाहीं. १९५५ च्या कायद्यानेंहि रूढीनें चालत आलेला घटस्फोट ग्राह्य ठेवला आणि अनुसूचित जमातींना आपल्या कक्षेबाहेर सोडलें. म्हणजे रखमाबाई ज्या हक्कासाठीं तुरुंगांत जावयास निघाल्या आणि नीरेला जो कोणत्याहि कोर्टांत मिळाला नसता, तो हक्क डोंगरांतली अक्षरशत्रु बाई बाळगून होती. मात्र यावरून कोणीं त्या जीवनाचें गोड चित्र रंगवूं नये. बाईला घर सोडण्याची मोकळीक होती, पण डोक्यावरची मोळी कोणत्याहि घरांत उतरत नव्हती. देज आणि लग्नखर्च यांचें कर्ज इतकें भारी असे कीं, तेव्हां याच जिल्ह्यांत असलेल्या, उत्तरेकडील तलासरी-डहाणूच्या वारल्यांत, लग्नासाठीं पैसे काढणारा तरुण सावकाराचा ‘लग्नगडी’ होऊन वर्षानुवर्षें वेठीस राबे. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हां माणूस जागा होतो’ या पुस्तकांत त्याची हकीकत आहे. आणि आजहि पावसाळा सरला कीं या तालुक्यांतील कितीएक कातकरी जोडपीं उचल घेऊन, पोरेंबाळें बरोबर घेऊन वीटभट्ट्यांवर जातात. त्यांचा संसार भट्टीवरच्या खोपटांत होतो.

ठाकरवाडींतील ही मोकळी बाई मराठी पडद्यावर आली ती १९७७ सालीं. गोपाळ नीलकंठ दांडेकरांच्या कादंबरीवरून डॉ. जब्बार पटेलांनीं ‘जैत रे जैत’ केला. त्याचा डोंगर कर्नाळ्याकडचा आहे, पण माणसें तींच. स्मिता पाटील यांची चिंधी आधींच एकाची बायको आहे. तो नवरा तिला नको आहे आणि हें सांगतांना तिची मान खालीं जात नाहीं. भगताचा मुलगा नाग्या तिला आवडतो, म्हणून ती आपण होऊन त्याच्याकडे जाते. मोहन आगाशे यांच्या नाग्याचें मन मात्र लिंगोबाच्या सुळक्यावर आणि आपला डोळा घालविणाऱ्या राणीमाशीवर खिळलेलें. त्या माशीचें पोळें उतरविण्याच्या त्याच्या वेडांत चिंधी त्याच्या खांद्याला खांदा लावते आणि त्याच झुंजींत माशांच्या दंशांनीं प्राण सोडते. महानोरांचे शब्द आणि हृदयनाथ मंगेशकरांचें संगीत यांमुळें हा चित्रपट गाण्यांचा म्हणून लोकांच्या ध्यानीं राहिला. परंतु त्यांतील नवीन गोष्ट निराळी होती. ‘कुंकू’ चित्रांतील नकारासाठीं एका माणसाला मरावें लागलें. चिंधीच्या नकारानें कोणी मरत नाहीं, आभाळ कोसळत नाहीं, चार माणसें बसतात आणि व्यवहार मिटतो. पांढरपेशा प्रेक्षकानें तें निवांतपणें पाहिलें, कारण ती बाई त्याच्या घरची नव्हती. आपल्या सुनेचा नकार आणि डोंगरावरच्या बाईचा नकार यांना आपण निरनिराळे तराजू वापरतों, हें त्या निवांतपणानें उघड केलें.

डॉ. पटेलांच्या हें लक्षांत आलें असावें असें मानावयास मला आवडतें. कारण पांच वर्षांनीं, १९८२ सालीं, त्यांनीं त्याच स्मिता पाटलांना आपल्याच सुखवस्तु घरांत आणून बसविलें. ‘उंबरठा’ हा शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवरचा चित्रपट. पटकथा विजय तेंडुलकरांची. सुलभा महाजनला नवरा वाईट मिळालेला नाहीं. सासर छळणारें नाहीं. तिला फक्त काम करावयाचें आहे, म्हणून ती स्त्रियांच्या सुधारगृहाची अधीक्षक होऊन परगांवीं जाते. राजीनामा देऊन परत येते तेव्हां घर तिच्यावांचून नीट चालूं लागलेलें असतें, मुलगी दुरावलेली असते, आणि गिरीश कर्नाडांचा सुभाष शांतपणें सांगतो कीं मधल्या काळांत आपला दुसऱ्या स्त्रीशीं संबंध आला आहे. त्याचें हें सांगणें प्रामाणिक आहे, हीच त्यांतली खरी जखम. सुलभा घर सोडते. आरडाओरडा नाहीं, शाप नाहीं. ज्या प्रेक्षकांनीं चिंधीच्या काडीमोडीला टाळ्या दिल्या त्यांच्यापैकीं कितीएकांना सुलभेचें जाणें खुपलें. ‘एवढें काय झालें होतें?’ हा प्रश्न त्या काळीं अनेक दिवाणखान्यांतून विचारला गेला, आणि तो विचारणाऱ्यांत बायकाहि होत्या.

पुढची कांहीं वर्षें विनोदी चित्रपटांनीं व्यापलीं. मी त्यांना नांवें ठेवणार नाहीं, ‘अशी ही बनवाबनवी’ मींहि अनेकदां पाहिला आहे. १९९१ सालीं विजय कोंडके यांचा ‘माहेरची साडी’ आला आणि उंबऱ्याबाहेर गेलेली बाई पुन्हां आंत आली. अलका कुबलांच्या सोशिक सुनेसाठीं गांवोगांवच्या बायकांनीं पदर ओले केले. त्या रडण्याला तुच्छ लेखण्याची चाल विद्वानांत आहे. ती मला पसंत नाहीं. ज्यांना नीरेसारखें नाकारतां आलें नाहीं आणि सुलभेसारखें निघून जातां आलें नाहीं, त्यांना निदान चारचौघींत बसून रडतां आलें. साडी ही तेथें माहेरच्या मायेची खूण आहे. सासर कितीहि कठोर असो, माहेर आपलें आहे, ही त्या चित्रपटाची श्रद्धा.

नव्या शतकांत मध्यमवर्गाच्या घरांतील वारा पालटलेला दिसतो. ‘उत्तरायण’ या चित्रांत उतारवयांतील एक विधुर आणि त्याची शाळेंतली जुनी मैत्रीण एकमेकांचा आधार शोधतात. शिवाजी साटम आणि नीना कुळकर्णी यांचें तें संयत काम ज्यांनीं पाहिलें नसेल त्यांनीं पहावें. २०१० चा ‘मुंबई-पुणे-मुंबई’ तर आपल्या विषयाच्या दृष्टीनें मजेचा आहे. घरच्यांनीं सुचविलेल्या मुलाला नकार देण्यासाठीं एक मुलगी मुंबईहून पुण्यास येते, आणि दिवसभर पुण्याच्या रस्त्यांवरून एका अनोळखी तरुणाशीं बोलत हिंडते. तोच तो मुलगा. त्या मुलीचा नकार घरानें आधींच गृहीत धरलेला आहे. रखमाबाईंपासून सव्वाशें वर्षांनीं तो एका दिवसाच्या सहलीइतका हलका झाला. आपल्या मुलींनीं हें हलकेपण उपभोगावें यांत मला आनंदच आहे.

मात्र त्याच दशकांत नागराज मंजुळे दुसरेंच कांहीं सांगावयास आले. ‘फँड्री’ या चित्रांतील कैकाडी जब्याचें शालूवर प्रेम आहे. तें तिला कळावयाच्या आधींच तिच्यादेखत त्याला डुकरें धरावीं लागतात. मग २०१६ सालीं ‘सैराट’ आला. टोकावड्यासारख्या गांवांत चित्रगृह नसतें. पूर्वीं जत्रेंतल्या तंबूंत सिनेमा पहावयाचा, पुढें दूरदर्शनवर, आतां खिशांतल्या भ्रमणध्वनीवर. सबंध महाराष्ट्राबरोबर या खेड्यांतल्या पोरांनींहि त्याच्या गाण्यांवर फेर धरला. लग्नाच्या वरातींतून तीं गाणीं अजून वाजतात, आणि वरात नाचत असते ती पुष्कळदां जात-कुळी पाहून जमविलेल्या लग्नाचीच.

‘सैराट’ चित्राचा पूर्वार्ध लोकांना पाठ आहे. पाटलाची आर्ची बुलेट चालविते, ट्रॅक्टर चालविते, आणि मासेमारी करणाऱ्या कुटुंबांतील परश्याला आपण होऊन निवडते. चिंधीच्या निवडीची ही नवी आवृत्ति. उत्तरार्धाविषयीं मात्र लोक कमी बोलतात, आणि तोच मराठी बोलपटाच्या जुन्या वळणाचा आहे. पळून गेलेलीं हीं दोघें परमुलखांत, हैदराबादच्या एका झोपडपट्टींत येऊन पडतात. गाणीं थांबतात. दुर्गंधि, पाण्याचे हंडे, तिला न येणारा स्वयंपाक, कारखान्यांतली नोकरी, त्याचा संशय, त्यानें तिच्या थोबाडींत मारणें, तिचें निघून जाणें आणि परत येणें. प्रेम बागेंतून घरांत आलें म्हणजे काय होतें, हें येथें कोणतीहि सवलत न देतां दाखविलें आहे. आर्ची सुलभेसारखी निघूनहि जाते आणि जिजाईसारखी परत येऊन चूलहि पेटविते, आणि दोन्ही वेळां निर्णय तिचाच असतो. संसार हळूहळू उभा राहतो. नोंदणीनें लग्न होतें, मूल होतें, बरें घर होतें. एक दिवस ती आईला फोन करते.

मग माहेरचीं माणसें येतात. भाऊ येतो, आईनें पाठविलेल्या भेटी घेऊन येतो. त्यांच्यासाठीं चहा होतो; परश्या बावरतो, पण आदरातिथ्यांत कमी पडत नाहीं. मूल शेजारणीबरोबर बाहेर गेलेलें असतें. तें परत येतें तेव्हां दार उघडें असतें, पाहुणे निघून गेलेले असतात, आणि भेटींची पिशवी तशीच ठेवलेली असते.